नऊ मालक आणि एक आर्किटेक्ट: संस्थेची इमारत बांधणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी आर्किटेक्टकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो, दोन गाड्या भरून. अध्यक्षांना वरच्या मजल्यावर कार्यक्रमांचा हॉल हवा होता, त्याच्या भाड्यात वाचनालय चालेल म्हणून. ग्रंथपालबाईंचं एकच म्हणणं, पुस्तकांना ओल लागता कामा नये. खजिनदारांना सगळं चाळीस लाखांत बसवायचं होतं. एका विश्वस्तांना ईशान्येला संडास नको होता, आणि दुसऱ्यांनी पुण्याच्या नातेवाइकाच्या बंगल्याचे फोटो मोबाइलवर काढून आणले होते. आर्किटेक्टने अर्धा तास सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा मागवला, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "यात शेवटचा शब्द कोणाचा?"

आम्ही नऊ जण एकमेकांकडे बघत बसलो.

इमारत पुढे झाली, आणि चांगली झाली. कोकणातल्या तालुक्याच्या गावी, दोन मजली, पुढे पडवी. पण लागलेल्या साडेतीन वर्षांतलं निदान एक वर्ष त्या एका प्रश्नाचं उत्तर ठरवण्यात गेलं. नंतर आसपासची दोन-तीन मंडळं आमच्याकडे चौकशीला आली. एक महिला मंडळ होतं, एक समाजमंदिराची समिती. त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितोय. मी आर्किटेक्ट नाही. मी कार्यवाह होतो, म्हणजे पत्रव्यवहार, फायली आणि शिव्या तिन्ही माझ्या वाट्याला.

१. जमिनीचे कागद

आर्किटेक्ट पहिल्या भेटीत जागेचा कागद मागणारच. तो हातात नसेल तर ती भेट चहापुरती. सातबारा किंवा मिळकत पत्रिका संस्थेच्या नावावर हवी. "अमुक अण्णांनी जागा दिली आहे, सगळ्या गावाला माहीत आहे" हे चालत नाही. अण्णा गेल्यावर त्यांच्या मुलांना ते माहीत नसतं. दान असेल तर बक्षीसपत्र नोंदवून घ्या. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर नवी मिळकत आल्यावर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेल्या बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, दाखल करायचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आमच्या खजिनदारांना हे बँकेत बसल्यावर कळलं.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी. मोजणीच्या नकाशाची जी 'क' प्रत मिळते, तिच्यावरच आर्किटेक्ट काम सुरू करतो. आमच्या मोजणीत शेजाऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आमच्या हद्दीत चार फूट आत निघाला. तो माणूस भला, त्याने गडगा मागे घेतला. पण जोतं घातल्यावर हे कळलं असतं तर एवढ्यावर निभावलं नसतं.

जागा गावठाणात की बाहेर, बाहेर असेल तर बिनशेतीचं काय, हे तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात विचारून ठेवा. जागा गायरान, म्हणजे गावची चराऊ जमीन असेल तर तिथेच थांबा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानावरच्या बांधकामांकडे शासन कडकपणे बघतं, आणि ग्रामसभेचा ठराव झाला म्हणून गायरान आपलं होत नाही.

२. पैसा कोणाचा

हे आर्किटेक्ट शोधण्याआधीच का बघायचं? कारण पैसा कुठून येणार यावर आर्किटेक्ट निवडणं तुमच्या हातात आहे की नाही तेच ठरतं. आमदार निधी, खासदार निधी किंवा जिल्हा परिषदेच्या योजनेतून काम झालं तर बांधणारी यंत्रणा सरकारी असते, बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. तिथे अंदाजपत्रक शासकीय दरसूचीप्रमाणे होतं. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तिका. तुमच्या आर्किटेक्टच्या सुंदर नकाशातला जो आयटम दरसूचीत नाही, तो तिथे अडतो.

वर्गणी, देणग्या आणि निधी यांची सरमिसळ बहुतेक सगळीकडे असते. अशा वेळी कामाचे तुकडे स्वच्छ पाडा: इमारत आपल्या पैशातून, कुंपण, आवारातलं पेव्हर ब्लॉकचं काम, बोअरवेल निधीतून. एकाच स्लॅबमध्ये दोन्हीकडचे पैसे गुंतवलेत तर हिशेबाच्या वेळी दोन्हीकडून ओढाताण होते. नोंदणीकृत वाचनालयांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची इमारतीसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. तिच्या अर्जाला नकाशा आणि अंदाजपत्रक जोडावं लागतं, म्हणून असा अर्ज करणार असाल तर ते आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी सांगा.

३. तिघांची समिती, एकाचा फोन

बांधकाम समितीत तिघे पुरे, फार तर पाच. त्यातला एक इमारत रोज वापरणारा हवा. आमच्याकडे त्या ग्रंथपालबाई होत्या, आणि त्या नसत्या तर आज ती इमारत नुसती हॉल म्हणून वापरात असती. अध्यक्षांना मानाने समितीत घ्यायची पद्धत आहे. त्यांना वेळ नसेल तर मान कोनशिलेवर द्या.

मग कार्यकारी मंडळात ठराव करा. आमच्या इतिवृत्तात तो असा आहे: "इमारतीच्या आराखड्याबाबत आर्किटेक्टशी होणारा सर्व व्यवहार बांधकाम समितीमार्फत कार्यवाह लेखी करतील. ठरलेल्या अंदाजपत्रकाच्या पाच टक्क्यांपर्यंतचे बदल समिती मंजूर करील. त्यापुढील बदल कार्यकारी मंडळापुढे येतील." एवढी तीन वाक्यं. ती नव्हती तोवर आर्किटेक्टला एका आठवड्यात चार जणांचे फोन जायचे आणि चारही जण "संस्थेच्या वतीने" बोलायचे. त्याने बिचाऱ्याने एकदा जिना तीन वेळा हलवला आणि शेवटी तो होता तिथेच आला.

४. गरजपत्रक: खोल्या लिहू नका, दिवस लिहा

बहुतेक संस्था यादी घेऊन जातात: हॉल एक, ऑफिस एक, संडास दोन. यातून आर्किटेक्टला काही कळत नाही. त्याला कळतं ते असं: सकाळी आठ ते दहा वर्तमानपत्रं वाचायला वीस-पंचवीस माणसं येतात, बहुतेक साठीच्या पुढची. तीन ते सहा स्पर्धा परीक्षांची मुलं, त्यांना शांतता आणि मोबाइलला प्लग. सहा ते आठ देवघेव, रांग दारापर्यंत. वर्षातून चार व्याख्यानं, दीडशे माणूस. गणपतीत पाच दिवस मुलांच्या स्पर्धा, तेव्हा चपलांचा ढीग. छत्र्या कुठे ठेवायच्या? आमच्या जुन्या इमारतीत जून ते सप्टेंबर वाचनकक्षाच्या फरशीवर पाण्याचे ओघळ असायचे, म्हणून बाईंनी गरजपत्रकात "ओल्या छत्र्या: ४०" असं लिहिलं. आर्किटेक्टला त्या कागदातली सगळ्यात आवडलेली ओळ तीच. पडवीत छत्र्यांसाठी कट्टा आणि खाली पन्हळ आहे ती त्या ओळीमुळे.

चार गोष्टी विसरल्या जातात, म्हणून जरा सविस्तर.

वजन. पुस्तकं म्हणजे कागद, आणि कागद लाकडाचाच भाऊ. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे घरातल्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहाला ५०० किलो. वाचनालयातल्या पुस्तकांच्या खोलीला, रॅक २.२ मीटरच्या आत असतील तरी, ६०० किलो. म्हणजे घराच्या तिप्पट. कुठल्या खोलीत काय ठेवणार हे आधी सांगितलं नाही तर आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याच्या मजबुतीचा हिशेब करणारा इंजिनिअर, सगळीकडे एकच हिशेब धरेल; आणि दहा वर्षांनी कोणीतरी "वर जागा आहे की, रॅक वर न्या" म्हणेल.

रॅम्प. दिव्यांगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा असा नियम आहे. सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे जोतं दोन फूट. त्याला रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. ही लांबी नकाशात आधी धरली नाही तर शेवटी पायऱ्यांच्या कडेला घसरगुंडी होते. आपल्याकडे सरकारी इमारतींतही अशा घसरगुंड्या दिसतात. चाकाच्या खुर्चीतला माणूस त्यावरून वर जाऊ शकत नाही, उतरला तर थेट रस्त्यात.

आवाज. गावोगावच्या समाजमंदिरांचा हा मोठा रोग. सपाट स्लॅब, चार गुळगुळीत भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. माइक लावला की आवाज घुमतो आणि तिसऱ्या रांगेत वक्त्याचं नुसतं "आ-आ-आ" पोचतं. मग लोक आणखी मोठे स्पीकर आणतात. आर्किटेक्टला सरळ सांगा, इथे माणसं बोलणार आहेत. मागची भिंत खडबडीत ठेवणं, जाळीची वीट, लाकडी पट्ट्या, छताला उतार, असे उपाय त्याच्याकडे असतात आणि आराखड्यातच केले तर ते महाग पडत नाहीत. सभागृहाची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत हेही इथेच लिहून ठेवा. गडबड झाली की लोक दाराकडे लोटतात आणि आत उघडणारं दार मग उघडतच नाही.

संडास. बायकांसाठीचे पुरेसे हवेत, आणि त्यांचं दार पुरुषांच्या गप्पांच्या कट्ट्यासमोर नको. महिला मंडळाच्या ताई आमची इमारत बघायला आल्या तेव्हा त्यांनी आधी हेच बघितलं.

५. आर्किटेक्ट कोण आणि शोधायचा कसा

तालुक्याच्या गावी "आर्किटेक्ट" अशा पाट्या बऱ्याच दिसतात. त्यातले काही सिव्हिल इंजिनिअर असतात, काही ड्राफ्ट्समन. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष आणि आकडा. तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बंदी आहे ती पदवी लावण्यावर, नकाशे काढण्याच्या कामावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे परवानाधारक इंजिनिअरकडून नकाशा मंजूर करून घेण्यात बेकायदा काही नाही. छोटी पत्र्याची शेड असेल तर चांगला इंजिनिअर पुरे, कशाला उगाच खर्च. पण जिथे रोज शंभर माणसं येणार, तिथे आर्किटेक्ट वेगळा, आरसीसी कन्सल्टंट वेगळा हवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते आठवणारी पिढी अजून हयात आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं घेऊन उभी असलेली घरं पहाटे झोपेतल्या माणसांवर कोसळली. आपला कोकण-कोयनेचा पट्टाही भूकंपाला नवा नाही.

दोन-तीन नावं काढा आणि त्यांनी बांधलेल्या संस्थेच्या इमारती बघायला जा. बंगले बघून उपयोग नाही. जमलं तर पावसाळ्यात जा, आणि उद्घाटनाला पाच वर्षं तरी झालेली इमारत बघा. तिथे अध्यक्षांना भेटू नका, शिपायाला भेटा. कुठे गळतं, कुठल्या खिडकीतून झड आत येते, दुपारी कुठली खोली तापते, आर्किटेक्ट कामावर किती वेळा यायचा, हे तो पाच मिनिटांत सांगतो. आम्ही ज्यांना निवडलं त्यांच्या एका शाळेचा शिपाई म्हणाला, "साहेब स्लॅबच्या दिवशी सकाळी सहाला यायचे, डबा घेऊन." आमचा निर्णय तिथेच झाला.

एक मोह टाळा: "तिघेही आधी प्लॅन काढून दाखवा, आवडेल त्याला काम देऊ." फी न देता अशी चढाओढ लावली तर त्यात भाग घेणं आर्किटेक्टच्या व्यावसायिक आचारनियमांत बसत नाही, ते नियम १९८९ चे आहेत. रीतसर स्पर्धेची पद्धत वेगळी. जो भला आहे तो नाही म्हणेल, आणि हो म्हणणारा जुनाच नकाशा नाव बदलून देईल. त्यापेक्षा तिघांशी गप्पा मारा, गरजपत्रक वाचायला द्या आणि ते काय प्रश्न विचारतात ते बघा. एकाने आम्हाला विचारलं, "एलिव्हेशन मॉडर्न पाहिजे ना?" दुसऱ्याने विचारलं, "पाऊस जास्त कुठल्या बाजूने मारतो?"

संस्थेच्याच विश्वस्ताचा भाचा आर्किटेक्ट असेल आणि फुकट करायला तयार असेल, तर फार अवघड होतं. त्याला धड रागावता येत नाही. आम्ही त्या भाच्याला सल्लागार केलं, सत्कारही केला.

६. फी आणि करार

आमच्याकडे फी बहुतेक वेळा चौरस फुटावर सांगतात, आणि ती ऐकायला स्वस्त असते. विचारा, त्यात काय काय येतं? पुष्कळदा उत्तर असतं, "प्लॅन पास करून देतो." मंजुरीचा नकाशा हा नगरपालिकेला दाखवायचा कागद आहे. खिडकीचा उंबरठा किती उंच, पाइप कुठल्या भिंतीतून, पन्हळीचं पाणी कुठे, जिन्याचा कठडा कसा, हे त्यात नसतं. ते वर्किंग ड्रॉइंगमध्ये असतं. ती काढून घेतली नाहीत तर हे सगळे निर्णय गवंडी घेतो, आणि गवंडी मागच्या साइटवर जे केलं तेच करतो.

करारात एवढं यावंच: संकल्पना, मंजुरीचे नकाशे, वर्किंग ड्रॉइंग, अंदाजपत्रक, निविदेचे कागद, कामावरच्या भेटी आणि पूर्णत्वाचे दाखले यांतलं काय काय फीत आहे, आरसीसी आणि इलेक्ट्रिकल सल्लागारांची फी आत की बाहेर, भेटी महिन्याला किती, जादा भेटीचे आणि प्रवासाचे पैसे किती, मंजूर झालेल्या आराखड्यात आपण बदल सांगितला तर त्याचा आकार. फी टप्प्याटप्प्याने द्यायची असते. कौन्सिलने टप्पे आणि फीचे दर सुचवलेले आहेत, ते समोर ठेवून बोला. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि टीडीएस कापायचा असतो; हे संस्थेच्या सीएला आधीच विचारा, ऑडिटच्या वेळी नको.

घासाघीस करायची तर भेटी कमी करून करू नका. आमच्या खजिनदारांनी महिन्याच्या चार भेटींच्या दोन करून काही हजार वाचवले. पुढे काय झालं ते येईलच.

७. आराखडा ठरवताना

आर्किटेक्टला अडचण सांगा, तोडगा त्याला काढू द्या. "इथे खिडकी द्या" म्हटलं की तो खिडकी देतो. "दुपारी या कोपऱ्यात दिवा लावावा लागतो" म्हटलं तर त्याला विचार करायला जागा राहते.

आमच्याकडे दोन मोठे वाद झाले. पहिला छपराचा. आर्किटेक्टला उतरता स्लॅब आणि त्यावर कौलं हवी होती. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सपाट गच्ची आज ना उद्या गळते. खजिनदारांना सपाट गच्ची हवी होती, "पुढेमागे तिसरा मजला" म्हणून. आर्किटेक्टने वाद घातला नाही. तिसऱ्या मजल्यासाठी पाया आणि कॉलम आज किती वाढवावे लागतील त्याचा आकडा काढून दिला आणि गावातल्या चार इमारतींची नावं सांगितली, ज्यांच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या वर काढून ठेवल्या आहेत आणि वीस वर्षं गंजतायत. कौलं मंजूर झाली.

दुसरा चिऱ्याचा. त्याला जांभ्याच्या भिंती उघड्या ठेवायच्या होत्या. देणगीदार म्हणाले, चिरा दिसतोय म्हणजे पैसे संपले असं लोक म्हणतील. शेवटी पश्चिमेची आणि दक्षिणेची, म्हणजे पाऊस खाणारी भिंत प्लॅस्टर करून रंगवली, आणि पडवीच्या आतला चिरा उघडा ठेवला. आज फोटो काढायला सगळे पडवीतच उभे राहतात, देणगीदारसुद्धा.

नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, हे कोणी कबूल करत नाही. म्हणून पुठ्ठ्याचं मॉडेल मागा. त्याहून चांगलं म्हणजे जागेवर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पुडीने, खोल्या आखा आणि सर्वसाधारण सभा तिथेच भरवा. लोक "वाचनकक्षात" उभे राहतात आणि आपण होऊन सांगतात, हे अरुंद आहे. ठरलं की नकाशाच्या प्रत्येक पानावर समितीच्या सह्या घ्या आणि तारीख टाका. त्यानंतरचा बदल लेखी.

८. परवानगी

मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे; कार्यालयांत तिला यूडीसीपीआर म्हणतात. सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग, जिन्याची रुंदी, अग्निशमनाच्या अटी त्यातून ठरतात. हे आर्किटेक्टचं काम, त्याला करू द्या. तुम्ही फक्त दोन गोष्टी पाळा: मंजुरीच्या आधी भूमिपूजन उरकून खड्डा खणू नका, पाहुण्यांची तारीख मिळाली असली तरी, आणि जोतं झालं की जोते तपासणी करून घ्या. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही असा दाखला. ते नसेल तर पुढच्या प्रत्येक अनुदानाच्या अर्जात एक रकाना रिकामा राहतो.

९. काम सुरू झाल्यावर

निविदा प्रत्येक आयटमच्या दराने मागवा. "स्क्वेअर फुटाला इतके, सगळं आलं" या बोलीत काय आलं यावरच पुढे भांडण होतं. आलेल्या निविदांचा तुलनातक्ता आर्किटेक्टकडून घ्या, निवड समितीची.

साइटवर एक जाड बांधीव वही ठेवा. आर्किटेक्ट आला की सूचना त्यात लिहील, ठेकेदाराचा माणूस सही करेल. नियम एकच: गवंड्याला थेट कोणीही काही सांगायचं नाही. सांगायचं ते कार्यवाहाला, कार्यवाहाने आर्किटेक्टला, आर्किटेक्टने वहीत.

हा नियम आमच्याकडे एकदाच मोडला. निवृत्त झालेले एक विश्वस्त रोज सकाळी फिरायला यायचे आणि साइटवर टेकायचे. पुस्तकांच्या खोलीच्या मागच्या भिंतीत वर झरोके होते. ते म्हणाले, "अरे, इथून चोर येतील, बुजवून टाक." मिस्त्रीने बुजवले. माणूस वयाने मोठा, संस्थेचा, तो नाही कसं म्हणणार? आर्किटेक्टच्या भेटी महिन्याला दोनच होत्या. तो आला तोवर प्लॅस्टर झालं होतं. त्याने वहीत लाल शाईने लिहिलं, आणि आम्ही "राहू द्या आता" म्हटलं. पहिल्या श्रावणात त्या खोलीत वारा नाही. जुन्या मासिकांच्या बांधणीच्या खंडांवर पांढरी बुरशी धरली. बाई रोज दोन-दोन खंड पडवीत वाळवत बसायच्या. दिवाळीनंतर भिंत फोडून झरोके परत काढले आणि जाळी बसवली. खजिनदारांनी भेटींत वाचवलेले पैसे त्यातच गेले, वर थोडे घालावे लागले.

पाणी मारणं हे मात्र संस्थेच्या माणसाने बघायचं काम आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या, म्हणजे आजकाल बाजारात बहुतेक मिळतं त्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. ठेकेदाराची माणसं चौथ्या दिवशी दुसऱ्या साइटवर जातात. आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांची पाळी लावली होती. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून घ्यायला विसरू नका. सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते प्रयोगशाळेत दाबून बघतात आणि अहवाल आर्किटेक्टकडे जातो.

बिलं: ठेकेदाराने बिल आर्किटेक्टकडे द्यायचं, त्याने मोजून दाखला द्यायचा, मग संस्थेने चेक द्यायचा. प्रत्येक बिलातून पाच-दहा टक्के अनामत राखायची तर ते निविदेतच लिहिलेलं हवं. जादा कामाचा दर काम करण्याआधी ठरवायचा. आर्किटेक्टचं ठेकेदाराशी फारच गूळपीठ दिसलं तर स्पष्ट विचारा; ठेकेदाराकडून कमिशन घेणं आचारनियमांत बसत नाही. पण दर दुसऱ्या बिलाला संशयही घेऊ नका. एकदा आमच्या सभेत कोणीतरी तसं बोललं आणि ते आर्किटेक्टच्या कानावर गेलं. पुढचे दोन महिने तो फक्त पत्राने बोलायचा.

देणगीदारांच्या पाट्यांची जागा आणि माप आर्किटेक्टकडून आधीच ठरवून घ्या. नाहीतर शेवटच्या आठवड्यात दर्शनी भिंतीला ग्रॅनाइटचे चौकोन लागतात, प्रत्येक वेगळ्या आकाराचा, कारण रकमा वेगळ्या.

१०. ताबा घेताना

उद्घाटनाची तारीख पावसाळ्यापूर्वीची असेल तर ठेकेदाराची अनामत पावसाळा संपेपर्यंत सोडू नका. दोषदुरुस्तीची मुदत निविदेत निदान एक वर्षाची हवी. पहिल्या मोठ्या पावसात आर्किटेक्टला बोलवा आणि त्याच्याबरोबर एकेक खोली फिरा. आमच्याकडे जिन्याच्या वर, कौलं आणि भिंत जिथे मिळतात तिथे, एक बोटभर ओघळ निघाला. ठेकेदाराने चार दिवसांत तो बंद केला, कारण पैसे आमच्याकडे होते.

आणि प्रत्यक्ष जसं बांधलं तसे नकाशे मागून घ्या, पाइप आणि वायरिंगचे खास करून. सोबत आरसीसीची ड्रॉइंग, ठोकळ्यांचे अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र, पंपाची हमीपत्रं. बहुतेक संस्थांत हे सगळं तेव्हाच्या कार्यवाहाच्या घरी माळ्यावर असतं आणि त्याच्याबरोबर जातं. आमच्या ग्रंथपालबाईंनी माझ्याकडून फाइल मागून घेतली, दाखल नोंदवहीत रीतसर चढवली, क्रमांक टाकला आणि संदर्भ विभागात ठेवली. आता प्लंबर आला की तो काउंटरवर क्रमांक सांगून नकाशा मागतो. घरी न्यायला मिळत नाही, तिथेच बसून बघायचा.